विसाव्याला ठेवलेल्या वस्तू

टोकियोच्या उएनो बागेतील राष्ट्रीय संग्रहालयात एक खोली अशी आहे, की जिचे दार आठवड्यातून दोनच दिवस, शुक्रवारी आणि शनिवारी, उघडते. तिच्यात सातव्या आणि आठव्या शतकांतील लाकडी मुखवटे आहेत. मी वेळापत्रक न पाहता बुधवारी गेले होते, आणि ज्या मुखवट्यांसाठी इतक्या लांबून आले होते ते त्या बंद दारापलीकडे अवघ्या काही पावलांवर होते. दाराशी बसलेल्या वयस्कर बाईंनी मला वाकून नमस्कार केला आणि वेळापत्रकातील शुक्रवारच्या खान्यावर बोट ठेवले. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. परंतु नंतरचे दोन दिवस त्याच संग्रहालयात घालवल्यावर त्या बंद दाराविषयीचे माझे मत पालटले. प्राचीन वस्तू जितक्या मन लावून तिथे दाखवल्या जातात तितक्याच मन लावून त्या न दाखवण्याचीही व्यवस्था केलेली आहे, आणि पाहणाऱ्याला त्या व्यवस्थेचा अर्थ कळल्याशिवाय समोर असलेली वस्तूही पुरती दिसत नाही, असे मला आता वाटते.

हे जपानमधील सर्वांत जुने राष्ट्रीय संग्रहालय. १८७२ मध्ये टोकियोतील युशिमा सेइदो या कन्फ्यूशिअसच्या मंदिरात जे प्रदर्शन भरले त्यातून त्याची सुरुवात झाली आणि १८८२ मध्ये ते उएनोला आले. आज त्याच्या संग्रहात सुमारे १,२०,००० वस्तू आहेत, त्यांपैकी ८९ ‘कोकुहो’ म्हणजे राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेल्या आहेत, आणि एका वेळी पाहायला मिळतात त्या साधारण ३,०००. म्हणजे चाळीस वस्तूंमागे एक वस्तू काचेत उभी असते आणि उरलेल्या एकोणचाळीस अंधारात असतात. जागेची अडचण हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव कारण नाही.

जपानी, चिनी आणि कोरियन चित्रकलेचा मोठा भाग रेशमावर किंवा कागदावर उतरलेला आहे. प्रकाशाने रेशमाचा धागा ठिसूळ होतो आणि वनस्पतींपासून काढलेले रंग विरत जातात. करडईच्या फुलांचा तांबडा रंग आणि छापील चित्रांमध्ये वापरला जाणारा फुलांचा निळा रंग हे त्यांतले सर्वांत नाजूक. गेलेला रंग परत आणता येत नाही. शिवाय गुंडाळी उलगडताना आणि पुन्हा गुंडाळताना प्रत्येक वेळी रंगाच्या थरावर ताण येतो. त्यामुळे जपान सरकारच्या सांस्कृतिक विभागाने १९९६ मध्ये जे नियम घालून दिले, त्यांनुसार अशा ठेव्याचे प्रदर्शन वर्षातून दोनदाच आणि एकूण साठ दिवसांपर्यंतच करावे, आणि रंग उडण्याचा धोका अधिक असेल तर तीसच दिवस करावे. वर्षातील उरलेले तीनशेहून अधिक दिवस ते चित्र विश्रांती घेत असते. हासेगावा तोहाकु या सोळाव्या शतकातील चित्रकाराचे, धुक्यातील पाइन वृक्षांचे जे सहा-सहा पाखांचे जोडपडदे या संग्रहालयाचे भूषण मानले जातात, तेही बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला थोडेच दिवस बाहेर येतात. दालने मंद उजेडाची का असतात, हेही यातच आले. मी आत शिरले तेव्हा पहिली दोन-तीन मिनिटे मला काचेतील कागदावर काहीच नीट दिसत नव्हते. मग डोळे सरावले आणि शाईच्या एका फटकाऱ्यात ओल्या आणि कोरड्या कुंचल्याचा फरकसुद्धा दिसू लागला. घाईने पुढे गेलेल्या माणसाला तो दिसला नसता.

मुखवट्यांची ती खोली ज्या इमारतीत आहे तिचे नाव ‘होर्यूजी होमोत्सुकान’, म्हणजे होर्यूजी मंदिराच्या ठेव्याची इमारत. होर्यूजी हे नारा प्रांतातील बौद्ध मंदिर. जगात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे आहेत. १८६८ नंतर मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचे आदेश काढले. त्या लाटेत देशभर बौद्ध मंदिरांची मोडतोड झाली, मूर्ती विकल्या गेल्या, जमिनी गेल्या आणि मोठमोठी मठ-मंदिरे दारिद्र्यात सापडली. छपरे गळत होती आणि दुरुस्तीला पैसा नव्हता. अशा वेळी १८७८ मध्ये होर्यूजीने आपल्याकडील तीनशेहून अधिक वस्तू राजघराण्याला अर्पण केल्या आणि राजघराण्याकडून मंदिराला १०,००० येन मिळाले, ज्यांतून मंदिर सावरले. हा व्यवहार वाचताना मन द्विधा होते. हजार वर्षांहून अधिक काळ ज्यांनी त्या वस्तू जपल्या त्यांच्या हातून त्या गेल्या हे खरेच. पण त्या एकत्र गेल्या, एका जागी राहिल्या, परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती पडून विखुरल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

या संग्रहासाठी १९६४ मध्ये उएनोला पहिली इमारत बांधली गेली, आणि ती आठवड्यातून एकच दिवस, गुरुवारी, उघडत असे. हे वाचले तेव्हा बुधवारच्या माझ्या तक्रारीतला जोर निम्म्याने कमी झाला. आजची इमारत १९९९ ची आहे. तानिगुची योशिओ या वास्तुशिल्पज्ञाने ती उभारली. समोर उथळ पाण्याचे विस्तीर्ण कुंड आहे, त्यावरून सरळ वाट जाते, आणि काच व दगडाची अतिशय साधी चौकट ओलांडून आपण आत येतो. (त्याच आवारातील आशियाई कलेची तोयोकान ही १९६८ ची इमारत त्याच्या वडिलांची, तानिगुची योशिरो यांची. बापलेकांच्या दोन इमारती एका आवारात उभ्या आहेत, आणि दोघांच्याही इमारती स्वतःकडे लक्ष न वेधता वस्तूंना जागा करून देतात.)

पहिल्या मजल्यावरील एका जवळजवळ काळोख्या दालनात लहान लहान सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्यमूर्ती आहेत. प्रत्येक मूर्तीला स्वतंत्र काचपेटी, प्रत्येकीवर वरून एकच प्रकाशझोत, आणि पेट्यांच्या सरळ रांगा. ‘अठ्ठेचाळीस बुद्ध’ या नावाने हा समूह ओळखला जातो. अमिताभ बुद्धाच्या अठ्ठेचाळीस प्रतिज्ञांवरून ते नाव पडले. बहुतेक मूर्ती हातभरही उंच नाहीत. सहाव्या-सातव्या शतकांत, म्हणजे बौद्ध धर्म कोरियातून जपानमध्ये नुकताच रुजत असताना, त्या घडल्या. मंदिराच्या मोठ्या सभागृहातील भव्य मूर्तींसमोर आपण भक्तांच्या गर्दीचा भाग असतो. या मूर्ती मात्र घरातल्या देव्हाऱ्याच्या मापाच्या आहेत, कुणा एका माणसाने एका कारणासाठी करवून घेतलेल्या.

त्यांतील एका मूर्तीपुढे मी बराच वेळ उभी होते. एक पाय खाली सोडलेला, दुसरा त्याच्या गुडघ्यावर ठेवलेला, आणि उजव्या हाताची बोटे गालाजवळ आणलेली अशी विचारमग्न बोधिसत्त्वाची ही बैठक. तिच्या बैठकीच्या कडेवर काही अक्षरे कोरलेली आहेत. ताकाया नावाच्या एका अधिकाऱ्याने अमाको नावाच्या आपल्या पत्नीसाठी ही मूर्ती अर्पण केली, असे त्यांत म्हटले आहे, आणि साल दिले आहे ‘हिनोए-तोरा’, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातले एक नाव. आपल्या पंचांगातील प्रभव, विभव, शुक्ल या साठ संवत्सरांची ज्यांना सवय आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. नाव तेच, पण चक्र कोणते? त्यामुळे ही मूर्ती ६०६ ची की ६६६ ची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. साठ वर्षांचे हे अंतर शैलीच्या अभ्यासात फार मोठे आहे, कारण त्या काळात जपानी मूर्तिकला दर पिढीला बदलत होती. पण मला त्या काचेपुढे सालापेक्षा अमाको हे नावच अधिक वेळ धरून राहिले. राजकन्या नव्हे, भिक्षुणी नव्हे, कुणा एका अधिकाऱ्याची बायको. आणि तिचे नाव चौदा शतके टिकले ते मूर्तीच्या कडेला कोरले गेल्यामुळे.

त्याच दालनात आणखी एक समूह आहे, जो पाहून मला अक्षरशः खाली वाकून बसावे लागले. मायादेवी आणि तिच्यासोबतच्या स्वर्गीय आकृती. मायादेवीची मूर्ती वीतभरही उंच नाही. लुंबिनीच्या वनात तिने फांदी धरण्यासाठी उजवा हात उंचावला आणि सिद्धार्थाचा जन्म झाला, हा प्रसंग आपल्याला भारतीय शिल्पांतून ठाऊक आहे. तिथे बालक मातेच्या कुशीतून बाहेर येते. इथे मायादेवीने त्या काळच्या दरबारी पद्धतीचा, लांब रुंद बाह्यांचा पायघोळ पोशाख घातलेला आहे, आणि तिच्या उचललेल्या हाताच्या बाहीतून बाळ सिद्धार्थ डोके खाली करून, दोन्ही हात जोडून, बाहेर झेपावतो आहे. बाळाचे डोके हरभऱ्याएवढे असेल. तरी हात जोडलेले स्पष्ट दिसतात. कथा हजारो मैल चालत गेली, वाटेत तिचे कपडे बदलले, कुशीऐवजी बाही आली. पण वर उचललेला हात तोच राहिला. मूर्तिकाराने भारत पाहिलेला नव्हता, साल वृक्ष पाहिला नव्हता, आणि तरीही त्या हाताच्या वळणात झाडाकडे पोहोचण्याची जी ओढ आहे ती अचूक आहे. मी दोनदा परत येऊन ती पाहिली.

कांस्याला उजेडाचे भय नाही, त्यामुळे या मूर्ती रोज दिसतात. लाकूड, लाख, कापड आणि कागद यांची गोष्ट वेगळी, आणि म्हणून त्याच इमारतीत काही वस्तू कायम तर काही अधूनमधून दिसतात. वरच्या मजल्यावर त्या दिवशी चंदनाचे ओंडके मांडलेले होते. दिसायला काळपट, साधे लाकूड. पण त्यांवर पहलवी लिपीतील म्हणजे प्राचीन इराणी अक्षरे कोरलेली आहेत आणि सोग्दियन व्यापाऱ्यांची डागून उमटवलेली खूण आहे. चंदन वाढते ते दक्षिण भारतात आणि आग्नेय आशियातील बेटांवर, अक्षरे इराणची, खूण मध्य आशियातील व्यापाऱ्यांची, आणि लाकूड आठव्या शतकात पोहोचले ते जपानमधील एका मंदिराच्या भांडारात. प्राचीन आशियातील दळणवळणाविषयी मी जे काही वाचले होते ते सगळे त्या एका लाकडात एकवटलेले होते. चंदन म्हटल्यावर सवयीने नाक पुढे गेले आणि काचेला लागले.

होर्यूजीच्या ठेव्याविषयी लिहिताना त्या मंदिरात जे बचावले नाही त्याचाही उल्लेख केला पाहिजे. तिथल्या मुख्य सभागृहाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीची थोर चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्वांची तुलना अजिंठ्याच्या पद्मपाणीशी वारंवार केली गेली आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी सभागृहाला आग लागली आणि ती चित्रे होरपळून गेली. त्या वेळी तिथे चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम चालू होते, म्हणजे त्यांना जपण्याच्याच प्रयत्नात असताना ती गेली. या धक्क्यातून १९५० चा सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा दिवस जपानमध्ये आजही अशा वास्तूंच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मंदिरांमध्ये पाण्याच्या फवाऱ्यांची चाचणी घेतली जाते. साठ दिवसांचे नियम, मंद दिवे, बंद दारे यांच्या मागे ही आग आहे, असे मला वाटते.

गुरुवार मी पुरातत्त्व दालनात घालवला, आणि तिथे न दाखवण्याचा एक फार जुना प्रकार भेटला. मातीतून निघालेल्या या वस्तू मुळात माणसांनीच जमिनीखाली ठेवलेल्या होत्या.

जपानच्या प्रागैतिहासिक काळाला ‘जोमोन’ म्हणतात, म्हणजे दोरीची नक्षी. एडवर्ड मॉर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ मध्ये जपानला आला असताना त्याला रेल्वेतून जाताना ओमोरी येथे शिंपल्यांचा प्राचीन ढीग दिसला. त्याने तिथे उत्खनन केले आणि ओल्या मातीवर दोरी दाबून नक्षी उमटवलेली भांडी त्याला सापडली. त्या नक्षीचे जे वर्णन त्याने केले त्याचेच जपानी भाषांतर पुढे संपूर्ण कालखंडाचे नाव झाले. या काळातील ‘दोगू’ म्हणजे मातीच्या मानवाकृती. संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध दोगू आओमोरी प्रांतातील कामेगाओका येथे सापडली. ती इसवी सनापूर्वी १००० ते ४०० या काळातील असून साधारण ३४ सेंटिमीटर उंच आणि आतून पोकळ आहे. तिचे डोळे चेहऱ्यावर मावत नाहीत इतके मोठे आणि मधोमध एकेका आडव्या फटीचे आहेत. बर्फाळ प्रदेशातील लोक डोळे दिपू नयेत म्हणून वापरतात त्या पट्ट्यांसारखे दिसतात म्हणून या प्रकारच्या आकृतींना तेच नाव पडले. तिला डावा पाय नाही. अशा आकृती बहुतांशी तुटलेल्याच सापडतात आणि त्या मुद्दाम तोडून पुरल्या जात असाव्यात असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या आकृतीच्या समोर उभे राहिल्यावर तिचे सौंदर्य जाणवते आणि तिचा उद्देश मात्र अजिबात हाती लागत नाही. ही भावना मला पुस्तकातील छायाचित्राने कधी दिली नव्हती.

तिच्यापासून थोड्या अंतरावर एक ‘दोताकु’ आहे, म्हणजे जोमोननंतरच्या यायोई काळातील कांस्यघंटा. ती कागावा प्रांतात सापडली असे सांगितले जाते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील ही घंटा जेमतेम ४३ सेंटिमीटर उंच आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा चौकटींत ओतीव रेषांची चित्रे आहेत. कुणाचेही डोळे, नाक, तोंड दाखवलेले नाही. नुसत्या काड्यांसारख्या आकृती. एका चौकटीत चतुर, एका चौकटीत कासव, एकीत चोचीत मासा धरलेला पाणपक्षी. एकीत कुत्र्यांनी रानडुकराला घेरले आहे आणि शिकारी धनुष्य ताणून उभा आहे. एकीत जमिनीपासून उंच खांबांवर उभारलेली धान्याची कोठी, चढायला शिडी लावलेली. आणि एका चौकटीत दोन माणसे मध्ये उखळ ठेवून आळीपाळीने मुसळ घालत आहेत.

त्या चौकटीशी मी थांबले ती थांबलेच. लेख नाही, राजाचे नाव नाही, युद्ध नाही. भात पिकवायला शिकलेल्या समाजाने आपल्या सर्वांत मौल्यवान धातूवर कांडण कोरले. दोन मुसळे एकाच वेळी उखळात पडू नयेत म्हणून कांडणाऱ्यांना जो ताल सांभाळावा लागतो, तो त्या दोन काड्यांच्या कलण्यातून दिसतो. एकीचे मुसळ खाली आहे, दुसरीचे वर उचललेले आहे. (त्या स्त्रिया आहेत की पुरुष हे चित्रातून कळत नाही, ‘एकीचे’ असे मी लिहिले ते माझ्या कानात कांडणाचा आवाज बायकांच्या ओव्यांसह आहे म्हणून.) सुरुवातीच्या दोताकु आतल्या लोळीने वाजत असत, पुढे त्या आकाराने वाढत गेल्या आणि वाजवण्यापेक्षा पाहण्याच्या वस्तू झाल्या. वस्त्यांपासून दूर, डोंगरउतारावर त्या पुरलेल्या सापडतात. वर्षातील बहुतेक काळ जमिनीत ठेवून ठरावीक प्रसंगी त्या बाहेर काढत असावेत, असाही एक तर्क मांडला गेला आहे. तो सिद्ध झालेला नाही, पण बंद खोलीपुढून परतल्यानंतर तो वाचताना मला नवल वाटले नाही.

याच दालनातील हानिवा योद्ध्याविषयी थोडक्यात सांगते. हानिवा म्हणजे सरदारांच्या समाधीच्या टेकाडांवर उभ्या केलेल्या भाजक्या मातीच्या आकृती. गुन्मा प्रांतातील ओता येथे सापडलेला, सहाव्या शतकातील, पायापासून डोक्यापर्यंत चिलखत घातलेला हा योद्धा साधारण १३० सेंटिमीटर उंच आहे, आणि राष्ट्रीय ठेवा ठरलेला तो पहिला हानिवा. २०१७ ते २०१९ या काळात त्याची पूर्ण दुरुस्ती झाली तेव्हा तो मुळात रंगवलेला होता, पांढरा, तांबडा आणि राखाडी, हे तपासणीत उघड झाले. त्याच्यासारखेच आणखी चार योद्धे आहेत, त्यांपैकी एक अमेरिकेत सिॲटलच्या संग्रहालयात. २०२४ मध्ये याच संग्रहालयातील प्रदर्शनात पाचही प्रथमच एकत्र उभे राहिले.

तोयोकानमध्ये मी संध्याकाळी गेले. गांधार शैलीतील बुद्ध, चीनमधील शिलाशिल्पे, कोरियातील सुवर्णाभूषणे असा आशियाचा मोठा पट तिथे आहे. मला तिथे लि दी या चीनमधील दक्षिण सोंग राजवटीच्या काळातील चित्रकाराने ११९७ मध्ये रेशमावर काढलेली फुलांची दोन चित्रे पाहायची होती. सकाळी पांढरे उमलून दिवस कलेल तसे तांबूस होत जाणारे जास्वंदीच्या कुळातील ते फूल आहे. एका चित्रात ते पांढरे आहे आणि दुसऱ्यात लालसर, म्हणजे दोन चित्रे मिळून एक दिवस होतो. ती विसाव्याला होती. या वेळी मला वाईट वाटले नाही. सव्वाआठशे वर्षे रेशमावर टिकलेला तांबूस रंग माझ्या एका संध्याकाळीसाठी खर्च होऊ नये, इतपत मी तोपर्यंत शिकले होते.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा १,००० येनांचे तिकीट काढून पाण्यावरच्या वाटेने होर्यूजीच्या इमारतीत गेले. दार उघडे होते. आत एकतीस मुखवटे.

हे ‘गिगाकु’ या मूकनाट्याचे मुखवटे. ६१२ मध्ये कोरियातील बेकजे राज्यातून आलेल्या मिमाशी नावाच्या कलावंताने ही कला जपानमध्ये आणली, असे जुन्या इतिहासग्रंथात म्हटले आहे. मंदिरांच्या उत्सवांत मिरवणुकीने येऊन हे नट नाचत असत. कला केव्हाच लुप्त झाली, मुखवटे राहिले. ते चेहऱ्यावर बांधायचे नसून डोक्यावर टोपासारखे चढवायचे असल्याने आकाराने मोठे आहेत. जुने मुखवटे कापराच्या झाडाच्या लाकडाचे आणि नंतरचे पावलोनियाच्या हलक्या लाकडाचे आहेत. नाके लांब, भुवया उंचावलेल्या, डोळे खोल. जपानी चेहरा यांत जवळजवळ नाही. इराणचा मद्यधुंद राजा आहे आणि त्याचे झिंगलेले सेवक आहेत, सिंह आवरणारा आहे, मल्ल आहेत. एका चोचीच्या आणि तुऱ्याच्या मुखवट्याखाली नाव लिहिले होते ‘कारुरा’. मी ते दोनदा वाचले आणि मग हलकेच मोठ्याने उच्चारले: गरुड. शेजारच्या ओळीत सुरकुत्या पडलेला, गाल आत गेलेला म्हातारा होता, ‘बारामोन’. ब्राह्मण. गिगाकुच्या प्रयोगात या ब्राह्मणाने बाळाची दुपटी धुण्याचा अभिनय करायचा असतो, असे तेराव्या शतकातील एका जपानी संगीतग्रंथात सांगितले आहे. कोणत्या देशातील कोणत्या नटाला ही कल्पना प्रथम सुचली हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण तो प्रसंग पाहून नाराच्या मंदिराच्या अंगणात माणसे पोट धरून हसली असतील, आणि तो चेहरा त्यासाठीच कोरला गेला आहे. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांत थकवा आणि लाज अशा दोन्ही गोष्टी आहेत. तांबड्या रंगाचे कण सुरकुत्यांच्या तळाशी अजून धरून आहेत, आणि बाकी ठिकाणी लाकूड उघडे पडले आहे. खोली रोज उघडी असती तर ते कणही राहिले नसते.

या संग्रहातील ज्या वस्तूची मला सर्वांत अधिक ओढ होती तिच्याविषयी शेवटी लिहिते. होर्यूजीने १८७८ मध्ये जे अर्पण केले त्यांत दोन ताडपत्रे आहेत. वीतभरापेक्षा थोडी लांब, तीन बोटे रुंद. त्यांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत संस्कृतमधील प्रज्ञापारमिताहृदय हे बौद्ध सूत्र आणि उष्णीषविजया धारणी, म्हणजे जपायचा मंत्रपाठ, लिहिलेली आहे. या हृदयसूत्राची ही सर्वांत जुनी ज्ञात संस्कृत हस्तलिखित प्रत. १८८४ मध्ये मॅक्स म्युलर आणि त्याचा जपानी शिष्य नान्जो बुन्यू यांनी ती ऑक्सफर्डमधून प्रसिद्ध केली, आणि लिपीची तपासणी केली ती गेऑर्ग ब्यूलर यांनी, जे आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत होते. ब्यूलर यांनी ती सहाव्या शतकाच्या सुरुवातीची ठरवली. आजचे अभ्यासक तिला सातव्या-आठव्या शतकांत ठेवतात.

ती ताडपत्रे मी तिथे असताना प्रदर्शनात नव्हती. ताडपत्र आणि शाई यांना उजेड सोसत नाही, त्यामुळे ती फार क्वचित बाहेर येतात. परंतु जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी आपल्या संग्रहाची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केलेली आहेत, आणि शुक्रवारी रात्री खोलीवर परत आल्यावर मी ती मोठी करून पाहिली. सूत्र वाचता येईना. सिद्धम् लिपीची मला सवय नाही. मग दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीवर आले. ही ओळ सूत्राची नाही, धारणीचीही नाही. लिहिणाऱ्याने, पुढे ज्याच्या हाती हे पान पडेल त्याला अक्षरे ओळखता यावीत म्हणून असेल, शेवटी संपूर्ण वर्णमाला लिहून ठेवली आहे. क्रम माहीत असल्यामुळे अनोळखी लिपीतही बोट ठेवत पुढे जाता आले: अ, आ, इ, ई, उ, ऊ. मग क, ख, ग, घ. पडद्यावर बोट टेकवून मी ती ओळ हळूहळू, मोठ्याने, ‘ह’पर्यंत म्हटली.